रक्तातला सोडा गेला कुठे?

पटकी हा शब्द आता आपल्या तोंडात फारसा राहिला नाही, आपण कॉलरा म्हणतो. पण वेशीवरची मरीआई अजून आहे. तिचा गाडा गावाच्या शिवेपार नेऊन सोडायची चाल होती, ती या रोगाच्या धाकानेच. सकाळी शेतात गेलेला माणूस रात्रीपर्यंत संपायचा. आज आम्ही गोष्ट सांगणार आहोत ती पटकीची, पण तिच्यात खरं काम आहे मूत्रपिंडांचं आणि फुप्फुसांचं.

१८३१ साली पटकी इंग्लंडच्या संडरलँड बंदरात पोचली. तिथे विल्यम ओशॉनेसी नावाचा आयर्लंडचा एक तरुण डॉक्टर गेला. वय बावीसच्या आसपास. त्या काळी डॉक्टर पटकीच्या रोग्याची शीर कापून रक्त काढत. आधीच सुकलेल्या माणसाचं आणखी रक्त काढायचं! ओशॉनेसीने रोग्यांचं रक्त घेतलं आणि ते तपासलं. त्याला दिसलं की रक्तातलं पाणी फार कमी झालंय, मीठ कमी झालंय आणि रक्तात नेहमी असणारा सोड्यासारखा अंश तर नाहीसाच झालाय. तो सापडला कुठे, तर रोग्याच्या जुलाबात. आणि ज्यांची लघवी बंद पडली होती, त्यांच्या रक्तात लघवीतून जायला हवा तो युरिया साठलेला होता.

आता हा सोडा रक्तात कशाला हवा? आपलं शरीर रात्रंदिवस आम्ल तयार करत असतं. खाल्लेल्या अन्नापासून ताकद तयार होताना कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो रक्तात विरघळला की रक्त आंबट व्हायला लागतं. फुप्फुसं तो श्वासावाटे बाहेर टाकतात. डाळी, अंडी, मटण यांतून जे दुसरं आम्ल तयार होतं, ते श्वासाने जात नाही. ते मूत्रपिंडं लघवीतून काढतात आणि सोडा मात्र राखून ठेवतात. दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी ती रक्तातून गाळतात, त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात घालतात, आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास. केवढी काटकसर! आम्हाला विचाराल तर फुप्फुसं म्हणजे रोजंदारीवरची माणसं, बोलावलं की मिनिटात हजर. मूत्रपिंडं म्हणजे सालदार, काम सावकाश, दोन-चार दिवसांचं, पण पक्कं.

पटकीत काय होतं बघा. पेजेसारख्या जुलाबांतून पाणी आणि सोडा दोन्ही वाहून जातात. अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडांकडे पुरेसं रक्त पोचत नाही, म्हणजे सालदार आडवा. लघवी थांबते, आम्ल आत कोंडतं. मग सगळा भार फुप्फुसांवर. रोगी खोल, जोराचा श्वास घेऊ लागतो. पाहणाऱ्याला वाटतं धाप लागली. खरं तर शरीर उरलेल्या एकाच दाराने आम्ल बाहेर ढकलत असतं. म्हणून बायांनो, जुलाब होणारं मूल असं खोल श्वास घेत असेल किंवा सहा-आठ तास त्याने लघवी केली नसेल, तर घरी वाट बघत बसायचं नाही. पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठायचा.

ओशॉनेसीने सांगितलं, जे गेलं ते परत घाला. स्वतः त्याने ते रोग्यावर केलं नाही. केलं ते स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लट्टाने, मे १८३२ मध्ये. त्याची पहिली रोगी एक म्हातारी बाई होती, नाडी लागत नव्हती. त्याने तिच्या शिरेतून मीठ-सोड्याचं पाणी हळूहळू सोडलं. अर्ध्या तासात तीनेक लिटर गेलं आणि बाईच्या चेहऱ्यावर रंग आला, नाडी लागली. लट्टा तिला दुसऱ्या डॉक्टरवर सोपवून गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी मात्र कुणी पुन्हा दिलं नाही, आणि काही तासांत बाई गेली. औषध चुकलं नव्हतं, एकदाच देऊन थांबले हे चुकलं. पुढच्याच वर्षी लट्टाही वारला आणि उपाय अडगळीत पडला.

ओशॉनेसी कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि तारायंत्राच्या मागे लागला. आग्र्याहून मुंबईला तारेची लाइन आली ती त्याच्याच देखरेखीखाली. पटकी मात्र तशीच राहिली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने शिरेतून मिठाचं पाणी देऊन बरेच रोगी वाचवले. तरी काहींची नाडी परत यायची, लघवी येत नसे, आणि ते जात. मनिलामध्ये अँड्र्यू सेलार्ड्सने पाहिलं की निरोग्याच्या लघवीची आम्लता थोड्याशा सोड्याने जाते, पटकीच्या रोग्याला मात्र त्याच्या कित्येक पट सोडा लागतो. त्याने सलाइनमध्ये सोडा घातला, तसे लघवी बंद पडून होणारे मृत्यू घटले. ओशॉनेसीचं म्हणणं पटायला ऐंशी वर्षं लागली.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइन संपत आलं. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी ठरवलं, शिरेतून नाही तर तोंडाने पाजू. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. ग्लुकोज चवीसाठी नव्हतं. पटकीतही आतडं साखर ओढून घेतं, साखरेबरोबर मीठ जातं, त्यामागे पाणी. कलकत्त्यात पुड्या भरल्या, प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने चिकटवली. पाजायचं काम केलं नातेवाइकांनी. आधी शंभरातले तीसेक रोगी दगावत, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

तीच पुडी आज आशाताईंच्या पिशवीत असते. ती पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, सगळी एकदम कालवायची. अर्धी आज, अर्धी उद्या असं करायचं नाही. मागे लिहिलेलं वाचून बघा, सोडा दिसणार नाही. ग्लुकोजबरोबर तो दमट हवेत टिकत नसे, पूड तपकिरी पडे. म्हणून १९८४ पासून त्याच्या जागी ट्रायसोडियम सायट्रेट घालतात, लिटरला २.९ ग्रॅम. ते पोटात गेल्यावर शरीरच त्याचा सोडा करून घेतं.