पळस्प्याचा दरोडा : सूड की बंड?

कोरियातील सूडनाट्यांचे वेड हल्ली आपल्याकडील सुशिक्षित घरांतही बरेच पसरले आहे. इ. स. २०२१ मध्ये आलेली 'माय नेम' ही मालिकाच पाहा. बापाच्या खुनाचा सूड घेण्यासाठी एक तरुण मुलगी गुंडांच्या टोळीत शिरते, टोळीनायकाच्या सांगण्यावरून पोलिसांत नोकरी धरते, आणि पुढे रक्ताचे पाट वाहतात. अशा कथांचा साचा ठरलेला : घाव खाजगी, शत्रू एक, आणि टोळी हे हत्यार. या साच्याची सवय जडली म्हणजे इतिहासातील माणसेही आपण नकळत त्यात बसवू लागतो. पनवेल तालुक्यातील एका प्रकरणाच्या बाबतीत असे घडण्याचा संभव फार आहे. म्हणून त्याचा येथे थोडा विचार करू.

मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्याला जेथे गोव्याचा रस्ता फुटतो, ते पळस्पे आज वाहनांच्या गर्दीमुळे सर्वांस ठाऊक आहे. इ. स. १८७९ च्या मे महिन्यात, १० व ११ तारखांच्या सुमारास, घाटावरून उतरलेल्या टोळीने हे गाव लुटले. टोळीचा पुढारी दौलतराव नाईक हा रामोशी होता. लूट दीड लाख रुपयांच्या घरात गेली असे चरित्रांतून सांगितले जाते. ती घेऊन टोळी घाटमाथ्याकडे परतत असता मेजर डॅनियलने तिला गाठले आणि दौलतराव गोळीला बळी पडला. ही टोळी वासुदेव बळवंत फडके यांनी उभारलेल्या बंडातील होती. आणि फडक्यांचे जन्मगाव शिरढोण पळस्प्यापासून अगदी जवळ!

आता सूडकथेला हवे ते सारे साहित्य फडक्यांच्या चरित्रात आहे. ते पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. इ. स. १८७० मध्ये आई अत्यवस्थ असता त्यांस वेळेवर रजा मिळाली नाही, आणि मातेचे अखेरचे दर्शन घडले नाही. हा घाव जन्मभर राहिला, यात शंका नाही. परंतु तेवढ्यावरून त्यांचे बंड म्हणजे आईसाठी घेतलेला सूड, असे म्हणता येईल काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या प्रसंगानंतर शस्त्र उचलीपर्यंत नऊ वर्षे गेली. मधल्या काळात त्यांनी लहुजी वस्तादांच्या तालमीत शस्त्रविद्या आत्मसात केली आणि स्वदेशीचा पुरस्कार केला. इ. स. १८७५ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. १८७६ पासून दुष्काळाने गावेच्या गावे ओस पडली. त्या दुष्काळात हिंडून त्यांनी लोकांचे हाल पाहिले. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीस पहिला दरोडा पडला, तो रजा नाकारणाऱ्या वरिष्ठावर नव्हे. फौज उभारण्यास पैसा हवा होता म्हणून. सूडाला एक माणूस पुरतो. फडक्यांस सारे राज्यच उलथावयाचे होते.

मात्र एवढ्याने प्रकरण संपत नाही. पुढाऱ्याचा हेतू मोठा असला म्हणजे टोळीचाही तसाच असतो, असे नाही. रामोशी मंडळींचे पूर्वापार हक्क बुडाले होते, पोटाची आग खरी होती. तेव्हा हाती आलेले द्रव्य सोडून फौजेची वाट पाहणे त्यांस अवघड होते. त्यांस लुटीचाच लोभ अधिक, ही खंत फडक्यांनी स्वतःच आपल्या आत्मवृत्तात नमूद केली आहे. शिवाय पळस्प्यास लुटली गेलेली घरे काही इंग्रजांची नव्हती, आपल्याच माणसांची होती. त्या घरांतील बायकामुलांनी ती रात्र कशी काढली असेल, हा प्रश्न फडक्यांचा गौरव करताना आपण सहसा विचारीत नाही. तो विचारल्याने त्यांची थोरवी उणी होत नाही. बंडाची किंमत कोणी मोजली, एवढेच कळते.

पळस्प्याची लूट मोठी होती, परंतु दौलतरावासारखा सहकारी गेल्याने बंडाचा कणाच मोडला. जुलै १८७९ मध्ये फडके विजापूरकडील देवरनावदगी येथे पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांची बाजू मांडली. तरी जन्मठेप झालीच. एडनच्या तुरुंगाचे दार उखडून ते निसटले व पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

सूडकथेत शत्रू पडला की पडदा पडतो. येथे शत्रू उभाच राहिला, टोळी फुटली, नायक परमुलखात गेला; आणि तरीही पुढील पिढ्यांनी त्यांस आद्य क्रांतिकारक म्हटले. केवळ स्वतःच्या दुःखाचे उट्टे काढणाऱ्यास लोक असे नाव देत नसतात.