जाणाऱ्या शिष्याशी बोलताना

गोंदिया जिल्ह्यात आमगावला लागून पदमपूर नावाचे गाव आहे. ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेत संस्कृत नाटककार भवभूती विदर्भातले जे पद्मपूर आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून सांगतो ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडले. आमगावच्या महाविद्यालयाला आज भवभूतीचेच नाव आहे. त्या प्रस्तावनेत कवी घराण्याचीही ओळख देतो: काश्यप गोत्र, तैत्तिरीय शाखा, वेदाध्ययनात मुरलेली माणसे. आणि शिक्षण संपवून निघालेल्या विद्यार्थ्यासमोर करायच्या भाषणाचा आपल्याकडचा सर्वांत नावाजलेला जुना नमुना आहे तो याच शाखेच्या उपनिषदात, शिक्षावल्लीच्या अकराव्या अनुवाकात. मिराशींचे म्हणणे धरले, तर तेराशे वर्षांपूर्वी ते भाषण मुखोद्गत असलेली कुटुंबे या धानाच्या मुलखात नांदत होती.

भाषण लहान आहे, पण बांधणी पाहण्यासारखी. आरंभी तुटक, दोन-दोन शब्दांच्या आज्ञा येतात. मग एकेक कर्तव्य, आणि प्रत्येकामागे कसूर न करण्याची तीच ताकीद, पुन्हा पुन्हा. ती कानात बसते आणि मग सुटत नाही. पुढे आई-वडील, गुरू, अतिथी येतात आणि आवाज मऊ होतो. पुढे कधी वागण्याविषयी मनात किंतू आला तर काय करायचे, तेही सांगितले आहे: जवळपासची विचारी, मनाने कोरडी न झालेली माणसे अशा वेळी कशी वागतात ते बघ. ॲरिस्टॉटलने वक्त्याची तीन साधने सांगितली: त्याचे स्वतःचे शील, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. तिन्ही इथे आहेत.

पण मला सर्वांत थोर वाटते ती मधली एक सूचना. आचार्य म्हणतात, आमच्या हातून जे चांगले घडले तेवढेच तू उचल, बाकीचे सोडून दे. बारा-बारा वर्षे ज्याने गुरूला जवळून पाहिले, त्याच्यापुढे निर्दोषपणाचा आव आणण्यात अर्थ नव्हता. वक्त्याची पत त्या कबुलीतून उभी राहते.

या उपदेशानंतर समावर्तनाचे स्नान होई आणि शिष्य घरी परते. भवभूतीलाही गुरु-शिष्याच्या या व्यवहाराची चांगली जाण होती. ‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकात वाल्मीकींचा आश्रम सोडून शिकायला दूर निघालेली आत्रेयी भेटते. गुरू हुशाराला आणि मंदाला सारखेच देतो, फळ मात्र ज्याच्या त्याच्या वकुबाप्रमाणे, असे ती सांगते.

आजच्या दीक्षान्त समारंभाचे एक कूळ हे उपनिषदातले, दुसरे इंग्रजी आहे. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि 1862 मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक, बाळ मंगेश वागळे. कुलपती होते गव्हर्नर सर बार्टल फ्रियर. विद्यापीठ तेव्हा फक्त परीक्षा घेई, शिकवणे कॉलेजांकडे. त्यामुळे व्यासपीठावर उभा राहणारा माणूस शिकवणारा राहिला नाही, आणि त्याचे वजन त्याच्या पदावरून ठरू लागले. माझ्या मते या भाषणाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा फेरबदल. भांडारकर 1893 मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तेव्हा निदान पहिल्या तुकडीतला माणूस त्या खुर्चीत आला.

विदर्भात नागपूर विद्यापीठ 1923 चे. गोंदियाची महाविद्यालये त्याच्याच कक्षेत येतात. भंडाऱ्यातून हा जिल्हा 1999 मध्ये वेगळा झाला, पण त्याच्या कितीतरी आधी, 1958 मध्ये, मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली होती. ते स्वतः फारसे शिकलेले नव्हते. 9 फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिवस, आणि त्यांच्या जयंतीनिमित्त गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात. बाहेरून मोठे पाहुणे येतात. पाहुणा कितीही मोठा असो, त्याच्या भाषणाला आधार मिळतो तो शाळेत फार न गेलेल्या आणि इतरांसाठी शाळा उघडणाऱ्या त्या माणसाच्या चरित्राचा.

जुने कूळ खरे टिकले आहे ते दहावी-बारावीच्या निरोप समारंभात. बोर्डाची परीक्षा तोंडावर असते, नववीच्या मुलांनी वर्ग सजवलेला असतो. ‘अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो’ हे म्हणून होते, पाहुण्यांचे ध्येयावरचे बोलणे होते, आणि मग वर्गशिक्षक माईक हातात घेतात. मराठी, मध्येच हिंदी, घरात पोवारी बोलणाऱ्यांसाठी एखादे पोवारी वाक्य. ‘पोट्टेहो, हॉल तिकीट आदल्या रात्रीच दप्तरात ठेवा. पेपर टाकून उठू नका. पुरवणी मागायला लाजू नका.’ रागावलो असेन तर मनात ठेवू नका, असेही ते म्हणतात, आणि मागच्या बाकावरचा, वर्षभर बोलणी खाल्लेला मुलगा पहिल्यांदा मान वर करून बघतो.