मेंडेलसोन : एका जर्मन आडनावाची गोष्ट

जर्मन आडनावांपैकी आज मी एकच घेतलं आहे, मेंडेलसोन. पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांना ते फेलिक्स मेंडेलसोनमुळे ठाऊक असतं, तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना त्याच्या आजोबांमुळे. या दोघांच्या मधल्या पिढीनं मात्र हेच आडनाव घालवून टाकायचा प्रयत्न केला. तो का केला, हा आजचा आपला प्रश्न.

जर्मन आडनावं बरीचशी धंद्यावरून आलेली आहेत. म्युलर म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा, श्मिट म्हणजे लोहार. काही गावावरून आली, आपल्या ‘कर’सारखीच. पण अठराव्या शतकात तिथल्या बहुतेक ज्यू कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आडनाव नव्हतंच. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, एवढ्यावर काम भागत असे.

देसाउ गावात मेंडेल नावाचे एक गरीब गृहस्थ धर्मग्रंथांच्या हस्तलिखित प्रती करीत. 1729 साली त्यांना मुलगा झाला, मोझेस. हिब्रू रीतीनं तो ‘मोशे बेन मेंडेल’. ‘बेन’ म्हणजे मुलगा. 1743 मध्ये आपल्या गुरूंच्या मागोमाग तो बर्लिनला आला. आधी त्याला देसाउचा मोझेस म्हणत. पुढं जर्मनमध्ये लिहू लागल्यावर त्यानं काय केलं पाहा. ‘बेन मेंडेल’चं सरळ भाषांतर केलं, ‘मेंडेल्स झोन’, मेंडेलचा मुलगा. बापाचं नाव तसंच राहिलं, भाषा तेवढी बदलली. मोझेसचं सगळं तत्त्वज्ञानच या भाषांतरात आहे, असं मला वाटतं. ज्यू राहूनही जर्मन विचारविश्वाचा नागरिक होता येतं, हे तो आयुष्यभर सांगत होता.

आणि काही अंशी ते खरंही झालं. 1763 मध्ये बर्लिनच्या अकादमीची निबंधस्पर्धा त्यानं जिंकली. त्या स्पर्धेत दुसरा होता इमॅन्युएल कांट! त्याचा मित्र लेसिंग यानं 1779 मध्ये ‘नाथान’ हे नाटक लिहिलं, त्याचा नायक मोझेसवरूनच घडवलेला. पण 1771 मध्ये अकादमीनं त्याला सदस्य म्हणून निवडलं, तेव्हा राजा दुसरा फ्रेडरिक यानं मंजुरी दिली नाही. म्हणजे विद्वान म्हणून मान होता, बरोबरीचं स्थान नव्हतं.

मोझेस 1786 मध्ये वारला. त्यानंतर 11 मार्च 1812 ला प्रशियात हुकूम निघाला : ज्यूंना नागरिकत्व मिळेल, पण सहा महिन्यांत कायमचं आडनाव घ्यावं लागेल. आडनाव ही आता नागरिकत्वाची अट झाली.

मोझेसचा मुलगा आब्राहाम हा पेढीवाला. त्यानं 1816 मध्ये मुलांना ख्रिस्ती धर्माची दीक्षा दिली, 1822 मध्ये नवरा-बायकोंनी स्वतः घेतली. त्याच्या मेव्हण्यानं कुटुंबाच्या मालकीच्या एका मळ्यावरून ‘बार्टोल्डी’ हे नाव आधीच घेतलं होतं. तेच आब्राहामनंही जोडलं. हेतू हा, की हळूहळू ‘मेंडेलसोन’ गळून जावं. पण 1829 मध्ये फेलिक्स लंडनमध्ये नुसता ‘मेंडेलसोन’ म्हणूनच गाजू लागला आणि वडिलांनी त्याला कडक पत्र लिहिलं. त्यांचा युक्तिवाद नीट समजून घ्या. तुझ्या आजोबांनी काळ ओळखून नाव बदललं, मीही तेच करतो आहे. मेंडेलसोन म्हटलं की जगाला ज्यूच आठवणार, तेव्हा ख्रिस्ती माणसानं ते नाव लावण्यात अर्थ नाही. तर्क म्हणून हे चुकीचं नाही. पण फरक आहे. मोझेसनं नावाचं भाषांतर केलं होतं, आब्राहाम ते पुसायला निघाला होता.

मुलांनी ऐकलं का? अर्धंच. फेलिक्सनं दोन्ही नावं ठेवली. बहीण रेबेका तर सहीत ‘मेंडेलसोन’ आणि ‘बार्टोल्डी’ यांच्या मध्ये नकारार्थी ग्रीक शब्द ‘मेडेन’ घालायची. म्हणजे बार्टोल्डी अजिबात नाही! आजोबांची नात शोभते.

आता पुढचं ऐका. 1847 मध्ये फेलिक्स वारला. 1850 मध्ये वाग्नरनं संगीतातल्या ज्यूंविरुद्ध लेख लिहिला आणि त्यात त्यालाही धरलं. बाप्तिस्मा झालेला, बार्टोल्डी जोडलेलं, काही उपयोग झाला नाही. गंमत अशी, की दुसऱ्याच्या मुळावर बोलणाऱ्या वाग्नरनं तो लेख टोपणनावानं छापला होता. नोव्हेंबर 1936 मध्ये लाइपझिगमधला फेलिक्सचा पुतळा रातोरात हलवला गेला. निषेध म्हणून महापौर गोर्डेलर यांनी पद सोडलं. 1938 मध्ये कुटुंबाची 1795 पासूनची पेढी मिटली. त्याच वर्षी फर्मान निघालं : ज्या ज्यूंची नावं सरकारी यादीतली नाहीत, त्या पुरुषांनी ‘इस्रायल’ आणि स्त्रियांनी ‘सारा’ हे नाव जोडावं. 1812 मध्ये ज्या राज्यसत्तेनं नाव घ्यायला लावून माणसाला नागरिक केलं, तिच्याच वारसांनी नाव लादून त्याला वेगळं काढलं.

आब्राहामला मी हसणार नाही. मुलांची वाट सोपी व्हावी, एवढंच त्याला हवं होतं. त्याचं गृहीतक तेवढं तपासा : नाव बदललं की पाहणाऱ्याची नजर बदलते. इतिहास सांगतो, की द्वेष करणारा नाव वाचून थांबत नाही, तो वंशावळ उकरतो. मग नजर बदलण्याची जबाबदारी कोणाची, नाव धारण करणाऱ्याची की पाहणाऱ्याची? लाइपझिगमध्ये 2008 साली तो पुतळा पुन्हा घडवून उभा केला गेला. त्या शहरानं आपल्यापुरतं उत्तर दिलं आहे. आपण ज्यांना आडनाव विचारतो, त्यांच्याबाबतीत आपलं उत्तर काय, याचा विचार घरी जाऊन जरूर करा. इथं थांबतो.