रवेकाम : सांधा आणि संज्ञा

हस्तनिर्मित अलंकारांचा इतिहास लिहिताना घाट व नक्षी यांचे वर्णन विस्ताराने केले जाते. नक्षीचा प्रत्येक कण कशाने जोडला आहे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. वस्तुतः अस्सल व अनुकृती यांचा विवेक पुष्कळदा त्या सांध्यावरच अवलंबून असतो.

तारकाम व रवेकाम या भिन्न संज्ञा होत. पहिल्यात बारीक तार वळवून नक्षी साधतात. दुसऱ्यात सोन्याचे सूक्ष्म गोल रवे पत्र्यावर बसवितात. सोन्याचे तुकडे कोळशाच्या भुकटीत ठेवून वितळविले, म्हणजे पृष्ठताणामुळे ते आपोआप गोल होतात. खरी अडचण जोडण्याची. नेहमीचा डाक, म्हणजे मूळ सोन्याहून लवकर वितळणारा मिश्रधातू, रव्यांमधील फटींत भरतो आणि रव्यांचा सुटेपणा नाहीसा होतो.

ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातील उत्कृष्ट इट्रुस्कन दागिन्यांत असा भराव दिसत नाही. १८३६ साली इटलीतील चेर्वेतेरी येथे रेगोलिनी-गालास्सी थडगे उघडले गेले व त्यातील रवेकामाने अभ्यासक थक्क झाले. रोमचे सुवर्णकार फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी यांनी ही विद्या पुन्हा साधण्यासाठी सांत'आंजेलो इन व्हादो या गावचे परंपरागत कारागीर आणविले; परंतु त्यांचीही भिस्त बारीक केलेल्या डाकावरच राहिली.

पुढे १९३३ साली एच. ए. पी. लिटलडेल या इंग्रज संशोधकाने एका निराळ्या रीतीचे एकस्व घेतले. तांब्याचा क्षार व सरस यांच्या मिश्रणाने रवे चिकटवून तापविले असता सरसाचा कोळसा होतो, तो तांब्याच्या ऑक्साइडमधील ऑक्सिजन हरण करतो, आणि सुमारे ८९० अंश सेल्सिअसला मोकळे झालेले तांबे सोन्याशी एकजीव होते. वेगळा डाक लागतच नाही.

एवढ्यावरून प्राचीन कारागीर सर्वत्र हीच रीत वापरीत, असे सिद्ध होत नाही. तथापि रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकातच सोने जोडण्याच्या द्रव्याला ‘क्रायसोकोला’ म्हटले असून त्यात तांब्याचा गंज सांगितला आहे. या ग्रीक संज्ञेचा अर्थच ‘सोन्याचा सरस’ असा आहे. जी गोष्ट अनुकृतिकारांना हाती लागली नाही, तिची खूण कारागिरांच्या एका शब्दात टिकून होती.

तक्षशिलेच्या सिरकप येथील सुवर्णालंकारांतही रवेकाम आढळते. अशा वस्तूंच्या नोंदीत केवळ ‘नक्षीदार’ असे लिहिणे म्हणजे पुराव्याचा मुख्य भाग गाळणे होय. सांधा पाहावा आणि कारागिराची नेमकी संज्ञा नोंदवावी. इतिहासलेखनाचा प्रारंभ तेथूनच होतो.