पडद्यावरचा घाशीराम

साठच्या दशकात नागपुरात महेश एलकुंचवार एकदा चित्रपटाला गेले, तिकीट मिळाले नाही, म्हणून विजय तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ पाहून आले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. चुकलेल्या चित्रपटाने नागपूरला नाटककार दिला. आमची गत नेमकी उलटी. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा मूळ संच आम्हांला रंगमंचावर गवसला नाही, हाती आली छापील संहिता आणि १९७६ सालचा चित्रपट.

प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्यमंदिरात हे नाटक उभे केले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. मग त्याच कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकादमी स्थापन करून ते पुन्हा रंगमंचावर आणले. घाशीराम सावळदासचा अंत १७९१ मधला. पण पेशवाईच्या इतिहासाची उजळणी हा या नाटकाचा हेतूच नव्हता. कीर्तनातून लावणी निघते, लावणीतून अभंग, आणि भक्तीच्या चालीवर क्रौर्य डोलू लागते. हे सारे एखाद्या दुःस्वप्नासारखे घडते.

त्या स्वप्नाचा कणा म्हणजे ब्राह्मणांची रांग. ती गाते, पाठ फिरवते, पडदा होते, भिंत होते. संहितेत हे रंगसूचनांच्या दोन-चार ओळींत आटोपते. वर्गात संहिता शिकवणारे आम्ही बहुधा त्या ओळी भरभर ओलांडतो आणि थेट नाना-घाशीराम संबंधावर येतो. ही आमची चूकच.

चित्रपट ‘युक्त’ या सहकारी गटाचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून निघालेल्या तरुणांचा हा गट. के. हरिहरन, मणि कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप या चौघांच्या नावावर दिग्दर्शन आहे. पटकथा तेंडुलकरांचीच. नाना मोहन आगाशेच, घाशीराम मात्र ओम पुरी. त्यांचा हा अगदी सुरुवातीचा चित्रपट. प्रयोग जसाच्या तसा टिपण्याचा मोह या मंडळींनी टाळला. प्रेक्षागृहात भिंत आपल्यासमोर असते, तिच्यामागे काय चालले आहे ते आपण केवळ ताडतो. कॅमेरा फिरू लागला की आडोसाच उरत नाही. दीर्घ, अखंड चित्रणांनी त्याची जागा वेगळ्या गुदमरीने भरून काढली आहे, असे आम्हांस वाटते. भिंतीचा खोडकरपणा मात्र हरवला, हेही खरे. पटकथेने इंग्रजांचे आगमन आणून कथेला जो राजकीय विस्तार दिला, तो त्याची पुरती भरपाई करत नाही.

हा चित्रपट आज पाहता येतो तो बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने जपलेल्या प्रतीमुळे. पुण्याच्या रंगमंचावरचे ते भयस्वप्न जर्मनीतल्या कपाटात टिकले. संहिता शिकवताना यंदा तरी आम्ही रंगसूचनांपाशी थांबणार आहोत, आणि मग दिवे मालवून चित्रपट लावणार आहोत.