गाईच्या कानातला बिल्ला

अहिल्यानगर जिल्ह्यात, राहुरी-संगमनेरकडच्या मुलांना गाईच्या कानातला पिवळा बिल्ला नवा नाही. त्यावर बारा आकडी क्रमांक आणि बारकोड असतो. लस टोचली की त्या क्रमांकापुढे नोंद होते. पण बिल्ला शेणामातीनं माखलेला असला आणि गाय मान झटकत असली, तर आकडे वाचायचे कसे? एक आकडा चुकला तर लस एकीला आणि नोंद भलतीच्याच नावावर!

अशीच अडचण पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेत होती. कळपातल्या आजारी गाईला औषध चुकून दोनदा तर दिलं जात नाही ना, हे कळत नसे. शेतीखात्यानं हा प्रश्न लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेकडे नेला. होय, अणुबॉम्बवालीच! कोएल, डेप आणि फ्रेमन या तिघांनी 1975 साली तिथलं काम प्रसिद्ध केलं. त्यांचा बिल्ला स्वतः रेडिओलहरी पाठवत नसे, वाचकयंत्राकडून आलेल्या लहरीच कमीजास्त करून परतवत असे. उन्हात आरसा हलवून लांबच्या मित्राला खूण करतो ना, तसंच. ऊन सूर्याचं, हालचाल आपली. ही कल्पना स्टॉकमन यांनी 1948 सालीच मांडली होती. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच घराण्यातला.

पुढे गुरांसाठी 125 किलोहर्ट्झच्या आसपासचे टॅग आले. काचेच्या बारीक नळीतला टॅग कातडीखालीही बसवता येऊ लागला. यात आरसा नाही, फॅरडेनं 1831 साली दाखवलेलं प्रवर्तन आहे. आपण दहावीला शिकवतो तेच. वाचकयंत्राच्या वेटोळ्यातलं बदलतं चुंबकीय क्षेत्र टॅगच्या वेटोळ्यात वीज निर्माण करतं आणि तेवढ्यावर चिप चालते. सेल लागतच नाही.

मोबाइलमधलं एनएफसीही असंच चालतं, फक्त 13.56 मेगाहर्ट्झवर. म्हणजे प्रयोगाचं साहित्य कित्येकांच्या खिशातच आहे. एनएफसी असलेला फोन, टॅग वाचणारं एखादं फुकट अ‍ॅप आणि एक कोरा एनएफसी टॅग घ्या (बँकेचं कार्ड नको). मध्ये वही धरा, मग तळहात, मग ॲल्युमिनियमची फॉइल. वहीतून टॅग वाचला जातो, फॉइलमधून नाही. का, ते मुलांनाच विचारा. हौस वाढली तर आरसी-522 हे स्वस्त वाचकयंत्र आर्डुइनोला जोडता येतं.

पण हजेरीसाठी अशी कार्डं घ्यायचा विषय शाळेत निघालाच, तर आधी एक करून पाहा. एका मुलाच्या हातात दोघांची कार्डं द्या. यंत्र दोघांनाही हजर धरेल. शिवाय 125 किलोहर्ट्झच्या साध्या कार्डावरचा क्रमांक दुसऱ्या कार्डावर उतरवता येतो. 2008 साली नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी तर त्याहून सुरक्षित समजलं जाणारं 'मायफेअर क्लासिक' कार्ड फोडून दाखवलं. कंपनी कोर्टात गेली, पण कोर्टानं संशोधन छापायला परवानगी दिली.

गोठ्यातला बिल्ला निदान कानाला टोचलेला असतो.