एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान

16 जुलै 1977 रोजी सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत रेनोची पिवळी आरएस01 उतरली, तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये टर्बोची दुसरी एकही गाडी नव्हती. नियम सर्वांना खुला होता: साधं इंजिन तीन लिटरचं, दाबून हवा भरणारं दीड लिटरचं. रेनोने दीड लिटरच्या व्ही6 वर एकच मोठा टर्बो बसवला. त्याच टर्बोने दगा दिला आणि शर्यत अर्धवट सोडावी लागली. पुढेही इंजिनं फुटत राहिली, पांढरा धूर निघत राहिला. इंग्रजांनी गाडीचं नाव ‘पिवळी किटली’ ठेवलं.

एक्झॉस्टमधून सुटणारा गरम वायू टर्बाइनचं चाक फिरवतो आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा कॉम्प्रेसर इंजिनात जादा हवा कोंबतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 मध्येच या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. जहाजाचं डिझेल इंजिन तासन्‌तास एकाच वेगाने चालतं, त्यामुळे तिथे टर्बोचं माप ठरवणं सोपं. मोटारीचं इंजिन मात्र सतत वर-खाली होतं. चाक मोठं असेल तर वरच्या आरपीएमला मुबलक हवा मिळते, पण खालून वेग घ्यायला ते वेळ लावतं. लहान चाक चटकन फिरतं. मात्र वरच्या आरपीएमला त्यातून एक्झॉस्ट पुरेसा निघत नाही, इंजिन तुंबतं.

रेनोचे चालक जाँ-पिएर जाबुई यांना या उशिराची झळ प्रत्येक वळणावर बसे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी आधी काहीच घडत नसे, मग सगळी ताकद एकदम येई. म्हणून ते वळण संपण्याआधीच पाय दाबत.

1979 मध्ये रेनोने माप बदललं. दर तीन सिलिंडरना एक, असे दोन लहान टर्बो आले. 1 जुलैला दिजों इथे जाबुई जिंकले आणि फॉर्म्युला वनमध्ये टर्बोचा पहिला विजय नोंदला गेला.

रस्त्यावरच्या गाडीचा हिशेब स्वीडनच्या साबने त्याआधीच मांडला होता. 1973 च्या बीएमडब्ल्यू 2002 टर्बोची ताकद 170 अश्वशक्ती, पण खालच्या आरपीएमला ती सुस्त. साबचे इंजिनिअर पेर गिलब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साब 99 टर्बोसाठी मुद्दाम लहान टर्बो निवडला. दाब वाढला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि जादा वायू टर्बाइनला वळसा घालून बाहेर पडतो. दोन लिटरच्या या इंजिनाची ताकद 145 अश्वशक्तीच होती, पण 235 न्यूटन-मीटरचा टॉर्क 3000 आरपीएमलाच मिळे. ओव्हरटेक करताना चालकाला लागतो तो नेमका तिथेच.

पुढे पुण्याजवळच्या रांजणगावात फियाटचं 1248 सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनू लागलं. साध्या टर्बोसह ते 75 अश्वशक्ती देई. टर्बाइनभोवती कोन बदलणारी पाती बसवलेल्या टर्बोसह त्याच इंजिनातून 90 च्या आसपास मिळत. ही पाती कमी वेगात वायूची वाट अरुंद करतात आणि जास्त वेगात रुंद, त्यामुळे एकच टर्बो लहानाचंही काम करतो आणि मोठ्याचंही.